गुडघे टेकले की पूजा होते का?

आजचे वाचन: प्रेषितांची कृत्ये 15:1-29



मागच्या वर्षी टीममधल्या एका मित्राचे वडील गेले. तेराव्याला गेलो होतो. खुर्चीवर फोटो, फोटोला हार, समोर परडीत गुलाबाच्या पाकळ्या. एकेक जण पुढे जाऊन फुलं वाहत होता, हात जोडत होता. माझी पाळी आली तेव्हा मी हात मागे बांधून नुसता उभा राहिलो आणि बाजूला झालो. मित्राच्या आईनं पाहिलं. बोललं कुणीच काही नाही. परत येताना गाडीवर मला बरं वाटत होतं, आज आपण विश्वासात ठाम राहिलो म्हणून. आजचा अध्याय वाचल्यापासून तितकी खात्री उरलेली नाही.

यहूदियाहून काही माणसं अंत्युखियाला येतात आणि सांगतात की सुंता झाल्याशिवाय तारण नाही. आपण त्यांना लगेच खलनायक करतो. पण त्यांच्या हातात उत्पत्तीचा 17 वा अध्याय होता! सुंता हा त्यांच्यासाठी रिवाज नव्हताच, ती देवाची आज्ञा होती. अ‍ॅपमधली डिफॉल्ट सेटिंग कशी, आपण निवडलेली नसते आणि म्हणून दिसतही नाही, तसं काहीसं.

हे वाचताना मला चीनमधले मिशनरी आठवले, विशेषतः हडसन टेलर. यॉर्कशायरमधल्या बार्न्सलीचा हा तरुण 1854 मध्ये शांघायला पोहोचला. तिथले मिशनरी इंग्रजी कोट घालायचे, आणि लोक उपदेशापेक्षा कोटाच्या बटणांकडेच जास्त बघायचे. टेलरनं 1855 मध्ये चिनी झगा घातला, पुढचं डोकं भादरलं, केस काळे करून मागे वेणी लावली. शांघायमधले गोरे लोक, त्यांत मिशनरीही आले, त्याला हसले. गोऱ्या माणसाची अब्रू घालवली असं त्यांना वाटलं. कोट म्हणजे सभ्यता आणि सभ्यता म्हणजे सुवार्तेचाच एक भाग, हे त्यांनी कधी तपासून पाहिलंच नव्हतं. 1865 मध्ये टेलरनं चायना इनलँड मिशन सुरू केलं तेव्हा चिनी पोशाख हा तिथला नियमच झाला.

गंमत अशी की ती वेणीसुद्धा मूळची चिनी नव्हे. मांचू राजवटीनं 1645 मध्ये ती हान लोकांवर सक्तीनं लादली होती, नाही म्हणणाऱ्याचं डोकं उडवलं जायचं. टेलर वेणी ठेवत होता त्याच काळात ताइपिंग बंडखोर ती झुगारून केस वाढवत होते. म्हणजे 'त्यांच्यासारखं व्हायचं' तरी नेमकं कुणासारखं?

पण मला खरं अडवलं ते पुढच्या प्रसंगानं. 1890 मध्ये शांघायला प्रोटेस्टंट मिशनऱ्यांची मोठी परिषद भरली. अनेक वर्षं चीनमध्ये काढलेल्या डब्ल्यू. ए. पी. मार्टिन यांचा निबंध तिथे वाचला गेला. विषय होता पूर्वजपूजा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: चीनमध्ये मुलं जिवंत आईबापांपुढेही गुडघे टेकतात, म्हणून नुसतं गुडघे टेकणं मूर्तिपूजा ठरत नाही. मृतांकडे काही मागणं वेगळं. रिवाज मोडू नका, त्यातलं चुकीचं काढा. यावर हडसन टेलर उठले आणि ज्यांना हे निष्कर्ष मान्य नाहीत त्यांनी उभं राहावं, असं म्हणाले. जवळजवळ सगळं सभागृह उभं राहिलं.

कपडे बदलणारा माणूस इथे थांबला. मी त्याला भित्रा किंवा कोत्या मनाचा म्हणणार नाही. पहिल्या आज्ञेबद्दलची त्याची कळकळ खरी होती, आणि पूर्वजांना नैवेद्य दाखवून त्यांच्याकडे भरभराट मागितली जायची हेही खरंच. पण किंमत कुणी दिली? शेजारीपाजारी म्हणायचे, हा ख्रिस्ती झाला म्हणजे आईबापांना विसरला. आईबापांचा मान राखण्याची आज्ञाही त्याच दहांपैकी एक ना! आणि ते ऐकून घ्यायला टेलर किंवा मार्टिन तिथे नसायचे, चिनी विश्वासी असायचा.

आता आमच्या घरचं. दर ईस्टरला आम्ही आजीच्या कबरीवर झेंडू आणि शेवंती वाहतो, मेणबत्ती लावतो. बाबा तिच्याशी दोन वाक्यं बोलतातही. पाळकसाहेब शेजारीच उभे असतात, कुणाला ही पूर्वजपूजा वाटत नाही. का? तर कबरीवर फुलं ठेवणं आपल्याकडे साहेबाच्या हातून आलं, म्हणून ते आपोआप ख्रिस्ती! फोटोसमोरची फुलं मात्र आपल्या शेजाऱ्यांची.

यरुशलेमच्या सभेत याकोब सुंतेचं ओझं उतरवतो, पण मूर्तींच्या प्रसादाचं बंधन ठेवतो. म्हणजे रेघ आहे. सगळं चालतं असं तो म्हणत नाही. आणि पुढच्याच अध्यायात पौल तीमथ्याची सुंता करतो, यहूदी लोकांकडे जाता यावं म्हणून! मला याचं सरळ सूत्र अजून सापडलेलं नाही. एवढं मात्र दिसतं की निर्णयाआधी ते पेत्राचं ऐकतात, बर्णबा आणि पौल परराष्ट्रीयांमध्ये काय पाहून आले तेही ऐकतात. शांघायच्या त्या सभागृहात आईबाप गमावलेल्या एखाद्या चिनी विश्वाशाला कुणी विचारलं असतं तर?

मीही मित्राला कधी विचारलं नव्हतं. काल फोन केला. म्हटलं, तू फुलं वाहिलीस तेव्हा मनात काय होतं? तो जरा थांबून म्हणाला, "काही नाही रे, बाबांना बाय म्हणायचं राहून गेलं होतं."

रविवारी वर्षश्राद्ध आहे. मला बोलावलंय. काकूंशी आधी बोलायचंय, त्या दिवसाबद्दल. फुलं घेऊन जाणार हे नक्की. हात जोडायचे की नाहीत, ते अजून ठरत नाहीये.