रेशो एक झाला म्हणजे ऋण फिटले का?

फाइल शंभर टक्के उतरली की क्यूबिटटोरेंट या टोरेंट-प्रोग्रामच्या यादीत ‘डाउनलोडिंग’च्या जागी ‘सीडिंग’ दिसू लागते. आपले काम झालेले असते; यापुढे संगणक चालू राहतो तो इतरांसाठी. कुठवर, हे ऑप्शन्समधल्या बिटटोरेंट टॅबवर ठरवता येते. किती रेशो, म्हणजे दिलेल्याचे घेतलेल्याशी प्रमाण, झाल्यावर थांबायचे, तो आकडा तिथे भरायचा. १ भरला की जेवढे घेतले तेवढे दिले, ऋण फिटले, असे समाधान मिळते.

पण हे समाधान हिशेबात टिकत नाही.

डेबियन या लिनक्स प्रणालीची आयएसओ फाइल एका सीडरकडे, म्हणजे पूर्ण फाइल वाटणाऱ्याकडे, आहे आणि ती दहा जणांना हवी आहे असे धरू. दहा प्रती उतरल्या, म्हणजे एकूण दहा प्रतींएवढेच अपलोड झाले. त्यातली निदान एक प्रत मूळ सीडरने दिलेली असणार. उरल्या जास्तीत जास्त नऊ. तेव्हा दहाही जणांचा रेशो १ होणे अशक्यच. कोणीतरी ऋणात राहणार, आणि तेही अप्रामाणिकपणामुळे नव्हे, तर त्याच्यानंतर मागणारा कोणी आलाच नाही म्हणून.

ऋण फेडण्याची वेगळी कल्पनाही आहे. तैत्तिरीय संहितेत जन्मासोबत येणारी तीन ऋणे सांगितली आहेत. त्यांतले ऋषिऋण फेडायचे ते ब्रह्मचर्याने, म्हणजे अध्ययनाने. ज्यांनी दिले त्यांच्या हाती परत काही ठेवायचे नसते. मिळालेले जिवंत ठेवायचे असते. सीडिंगला हीच दृष्टी लागू पडते.

यावर आक्षेप येईल की बिटटोरेंटचा पायाच देवाणघेवाणीचा आहे. ते खरे आहे. नुटेला या फाइलवाटपाच्या जाळ्यावरचे जवळपास ७० टक्के लोक काहीच वाटत नाहीत, असे झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रातल्या एटान अडार आणि बर्नार्डो ह्युबरमन यांनी २००० साली दाखवून दिले. पुढच्याच वर्षी ब्रॅम कोहेन यांचे बिटटोरेंट आले. जो देतो त्याला द्यायचे, आणि हा निवाडा दर दहा सेकंदांनी नव्याने करायचा, अशी त्याची रीत. तरीही दर तीस सेकंदांनी एक जागा कोणाही एकासाठी खुली होते, त्याने काय दिले हे न पाहता. कोहेन यांनी याचे कारण अधिक चांगला भागीदार शोधणे असे दिले आहे. परिणाम मात्र त्याहून मोठा आहे. नवख्याजवळ द्यायला एकही तुकडा नसतो. त्याला पहिला तुकडा मिळतो तो या खुल्या जागेतून किंवा सीडरकडून. दोन्हीकडे परतफेडीची अट नाही. काटेकोर व्यवहारालाही सुरुवात करून द्यावी लागते ती बिनअटीच्या देण्यानेच.

म्हणून रेशोपेक्षा सीडरांच्या संख्येचा स्तंभ आधी पाहावा. नव्या डेबियनला शेकडो सीडर असतील तर १ वर थांबल्याने कोणाचे अडत नाही. जुन्या, दुर्मीळ फाइलचे आपण एकटेच सीडर असलो, तर थांबताच इतरांची उपलब्धता, म्हणजे सगळ्यांकडे मिळून किती पूर्ण प्रती आहेत तो आकडा, १ च्या खाली जाऊ शकते आणि त्यांची फाइल ९९ टक्क्यांवर अडकून पडते. अशा टोरेंटपुरती रेशोची मर्यादा काढून टाकता येते. अपलोडचा वेग मात्र जोडणीच्या क्षमतेपेक्षा थोडा कमी ठेवावा; ती पूर्ण भरली की घरातल्या इतरांचे इंटरनेट रखडते, आणि मग कोणीतरी वैतागून प्रोग्रामच बंद करतो.