माठ न सापडलेली चुंभळ

चंद्रपूरहून मूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चिचपल्लीच्या पुढच्या एका गावात एक बुरड म्हातारी राहत होती. मानवेल बांबूच्या कामट्या काढून ती सुपं, टोपल्या आणि माठाखाली ठेवायच्या चुंभळी विणायची. चुंभळ उतरली की तिची परीक्षा ठरलेली. आधी बोट कड्याभोवती गोल फिरवायचं, मग भोकातून आतबाहेर. दोन्ही वाटांनी वीण जिथून निघाली तिथेच मिटली पाहिजे.

एकदा तिच्या हातून वेगळीच चुंभळ उतरली. वीण दोन्ही वाटांनी चोख मिटलेली, पण गावातल्या एकाही माठाला ती बसेना. मोठ्याला अपुरी, लहानाला सैल. बाजारातला व्यापारी म्हणाला, "मोडून टाका बाई. चुलीत तरी जाईल."

"वीण खरी हाय भाऊ," म्हातारी म्हणाली. "खऱ्या विणीले जागा नाई भेटली, म्हनून तिले खोटी नाई म्हनायचं." आणि तिनं चुंभळ खुंटीला अडकवली.

तिची नात गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठात गणित शिकत होती. सुट्टीत घरी आल्यावर तिनं चुंभळीची हकीकत ऐकली आणि म्हणाली, "आजी, अशीच एक चुंभळ मुंबईत निघाली होती. कामट्यांची नाही, आकड्यांची."

"आकड्यांची कशी वं?"

नात समजावून सांगू लागली. चुंभळीच्या आकाराच्या पृष्ठभागाला गणितात टोरस म्हणतात. रीमान पृष्ठभागांच्या कुळातला तो एक. त्यावर कॉन्फॉर्मल फील्ड थिअरी हा भौतिकशास्त्रातला सिद्धांत मांडला की प्रत्येक ऊर्जेच्या पायरीवर किती अवस्था आहेत, हे मोजता येतं. या मोजणीच्या मालिका टोरसच्या दोन वाटांची अदलाबदल केली तरी आपापसातच फिरल्या पाहिजेत, बाहेर जाता कामा नयेत. शिवाय पायऱ्यांवरचे आकडे पूर्ण हवेत. अर्धी अवस्था नसते, शून्याखालची तर नसतेच. अशा सिद्धांतातली क्षेत्रं एकमेकांजवळ आणली की काय घडतं, त्याचे नियम व्हर्टेक्स अल्जिब्रा या रचनेत बसतात. ती रचना 1986 मध्ये रिचर्ड बोर्चर्ड्स यांनी मांडली.

1988 मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत समीर माथुर, सुनील मुखी आणि अशोक सेन यांनी एक प्रश्न विचारला. अशा फक्त दोनच मालिका असतील आणि त्या सर्वांत साध्या समीकरणातून निघत असतील, तर कोणकोणते सिद्धांत शक्य आहेत? आधी सिद्धांत रचायचा आणि मग मोजायचं, ही नेहमीची रीत. त्यांनी ती उलटी केली: मोजणीच्या अटीवरूनच सिद्धांत हुडकायचे.

अशा प्रत्येक सिद्धांताला त्याचा एक ठरलेला आकडा असतो. अटींच्या चाळणीतून असे मोजकेच आकडे उरले. 7 या आकड्याच्या सिद्धांतात पहिल्या पायरीवर 133 अवस्था, 8 च्या सिद्धांतात 248. या संख्या गणितज्ञांच्या ओळखीच्या होत्या. ई-सेव्हन आणि ई-एट या बीजगणितांच्या त्या मिती. पण दोहोंच्या मध्ये आणखी एक आकडा निघाला, अडतीस पंचमांश. त्याच्या पहिल्या पायरीवर 190 अवस्था होत्या. मालिका निर्दोष, मोजणी पूर्णांकांत. मात्र दोन क्षेत्रं जुळल्यावर तिसरं किती प्रकारांनी तयार होतं, हे काढायला गेलं की उत्तर शून्याखाली जाई. म्हणून तो सिद्धांत ग्राह्य धरला गेला नाही.

"मंग मोडला त्यायनं?" म्हातारीनं विचारलं.

"नाही. तक्त्यात तसाच राहू दिला, आणि कुठे अडतं तेही लिहून ठेवलं."

"हे बेस केलं."

"2006 मध्ये लँड्सबर्ग आणि मानिवेल हे गणितज्ञ अगदी वेगळ्या वाटेनं चालले होते. त्यांना ई-सेव्हन आणि ई-एटच्या मधलं एक बीजगणित सापडलं. त्याची मिती किती असेल, सांग."

"एकशे नव्वद," म्हातारी लगेच म्हणाली. हिशेबाला ती पक्की होती.

"बरोबर. त्याचं नाव ठेवलं ई साडेसात. पुढे 2014 मध्ये कावासेत्सू यांनी त्याला साजेसं व्हर्टेक्स अल्जिब्रा दाखवलं. ते नेहमीच्या अटींत पूर्ण बसत नाही, पण आहे."

म्हातारी कामटी तासत ऐकत होती. मग म्हणाली, "दोन मालिकांचं झालं. तीन मालिका असल्या तं?"

"त्याचं काम अजून चालूच आहे, आजी."

"मंग इथं काय बसली बापा? सुट्टी सरली का जा, आन् लाग मोजाले."