आजीची साडी, बहिणीचा वाटा

वाशिम जिल्ह्यातील मंगरुळपीर असो वा कारंजा, आखातातून परतलेला एखादा तरुण आजीच्या साडीला गैरइस्लामी ठरवू लागतो, तेव्हा प्रश्न पडतो : अरबांची राहणी म्हणजेच इस्लाम काय?

दिव्य कुरआनने (३०:२२) भाषांची व वर्णांची विविधता अल्लाहच्या निशाण्यांत गणली आहे. इंडोनेशियातील मुस्लिम सारोंग नेसून नमाज अदा करतो, मोरोक्कोत जुम्याला कुसकुस शिजते, आपल्याकडे इफ्तारनंतर ज्वारीची भाकरी असते. लज्जारक्षण आणि हलाल-हराम यांच्या मर्यादा सर्वांना समान आहेत. त्या मर्यादेतील स्थानिक रिवाज फिक्हशास्त्राने मान्य केला आहे.

मात्र रिवाज मर्यादा ओलांडतो, तेथे तो त्याज्य ठरतो. सूरह निसाने (४:११) मुलीचा वारसाहक्क निश्चित केला आहे. तरीही वडिलांच्या पश्चात शेतीच्या वाटणीत अनेक घरांत बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते आणि ‘आपल्याकडे हीच रीत’ असे सांगितले जाते.

अंतिम हजच्या प्रवचनात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अरबाचे अरबेतरावरील श्रेष्ठत्व नाकारले, श्रेष्ठत्व केवळ ईशपरायणतेचे. तिची कसोटी आजीच्या साडीत नाही, बहिणीच्या वाट्यात आहे. अल्लाह आपणांस तो वाटा अदा करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.