मागे ठेवलेल्या काटक्या



काही वर्षांपूर्वी डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका वाडीत आम्ही मुलामुलींचे दोन दिवसांचे शिबिर घेतले होते. गॅसची शेगडी न्यायची नाही, चुलीवर शिजवायचे आणि ज्याने त्याने आपला चमचा स्वतः कोरायचा असे ठरले होते. वाडीची राखण करणाऱ्या काकांनी शिवणीच्या नुकत्याच छाटलेल्या फांद्या दिल्या. ओले लाकूड सुरीला मऊ लागते, म्हणून चमचा ओल्या लाकडाचाच कोरतात. फांदी उभी चिरायची आणि मधोमधचा गाभा काढून टाकायचा, नाहीतर वाळताना चमच्याला तडा जातो. सुरी अंगापासून दूर चालवायची आणि हात पोहोचेल एवढ्या अंतरात कोणाला बसू द्यायचे नाही. मुले दुपारभर इतकी रमली की, कोणाला चहाचीही आठवण राहिली नाही.

चार मुलांकडे मात्र दुसरे काम होते. वाळलेली लाकडे फोडून चुलीसाठी बारीक काटक्या आणि ढलप्या करायच्या. ती चौघे रुसली. त्यांतल्या एकाने विचारले, "त्यांना घरी न्यायला चमचा मिळणार, आम्हाला काय? आमच्या काटक्या तर चहा उकळायच्या आत जळून जाणार!" "प्रत्येक काम महत्त्वाचे असते" असे काहीतरी आम्ही त्याला सांगितले. त्याला ते पटले नाही आणि खरे सांगायचे तर आम्हालाही पुरते पटलेले नव्हते. चौघांनी कशाबशा चार काटक्या केल्या आणि उघड्यावर टाकून दिल्या.

रात्री अवकाळी पाऊस आला. सकाळी चूल काही पेटेना. ओले लाकूड पेटण्याआधी त्यातल्या पाण्याची वाफ व्हावी लागते आणि आगीची सारी धग त्यातच खर्च होते. म्हणून सुरुवात करायची ती काडेपेटीच्या काडीएवढ्या कोरड्या काटकीने. मग पेन्सिलीएवढी, मग अंगठ्याएवढी आणि त्यानंतर मोठे लाकूड. आमच्यापाशी होती ती मनगटाएवढी भिजलेली लाकडे. धुराने सगळ्यांचे डोळे लाल झाले. चमचे सर्वांच्या हातात होते, पण त्यांनी खायला काही नव्हते.

अखेर काकांनी आपल्या घराच्या माळ्यावरून कोरड्या काटक्यांची एक मोळी आणून दिली. पाच मिनिटांत चूल पेटली. "या कोणासाठी ठेवल्या होत्या?" आम्ही विचारले. ते म्हणाले, "पावसात कोणाला ना कोणाला लागतातच."

दुपारी बस आली आणि आम्ही घाईघाईने निघालो. मुले एकमेकांना चमचे दाखवत होती. अर्धा रस्ता गेल्यावर त्या रुसलेल्या चौघांपैकीच एकाने विचारले, "काकांच्या काटक्या आपण परत ठेवल्या का?" आम्ही ठेवल्या नव्हत्या. बस पुढे चालली होती.

तो प्रश्न अजूनही आमच्या मनात आहे. युरोपच्या उत्तरेला फिनलंड नावाचा देश आहे. तिथल्या निर्जन अरण्यांत वाटसरूंसाठी लाकडी झोपड्या बांधलेल्या आहेत. त्यांना कुलूप नसते, भाडे नसते आणि राखणदारही नसतो. रात्र दोन रात्री कोणीही राहावे. तिथली जुनी रीत अशी की, सर्वांत शेवटी येणाऱ्याचा हक्क पहिला. आधी आलेल्यांनी सरकून त्याला जागा द्यायची. दुसरी रीत अशी की, निघताना पुढच्यासाठी लाकडे फोडून ठेवायची आणि बारीक काटक्याही तयार ठेवायच्या. कोरड्या काटकीवर सुरी चालवून पातळ सालपटे काढतात, पण ती तोडत नाहीत. काटकीला पिसांसारखी तशीच चिकटलेली ठेवतात. एका काडीने ती पेट घेते. हिवाळ्यात तिथे पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत आणि त्याहूनही खाली उतरतो. बोटे बधिर झालेल्या माणसाला सुरी धरता येत नाही. त्याच्यासाठी त्या मूठभर काटक्या म्हणजे जीवदान ठरू शकते.

या माणसाचे आपण काय लागतो? तो आपल्याला कधी भेटणार नाही, आभार मानणार नाही. काटक्या न ठेवल्या तरी कोणी जाब विचारणार नाही. मग का ठेवायच्या? एक उत्तर असे की, आपणही कोणीतरी ठेवलेल्या काटक्यांवर हात शेकलेले असतात. तो माणूस निघून गेलेला असतो. त्याचे ऋण त्याला फेडता येत नाही, म्हणून ते पुढच्याला द्यायचे.

पण समजा आपण पोहोचलो तेव्हा झोपडी रिकामीच होती. आधीच्याने सारे जाळले आणि तसाच निघून गेला. मग आपण कोणाचे देणे लागतो? हिशेबाने पाहिले तर कोणाचेच नाही. तरीही आम्हाला वाटते, काटक्या ठेवायला हव्यात. त्या नसल्या म्हणजे काय होते हे ज्याने सोसले, त्याच्याइतके ते दुसऱ्या कोणाला कळणार? म्हणजे हे कर्तव्य परतफेडीतून येत नाही, दुसऱ्याची गरज ओळखण्यातून येते.

गलबत फुटल्यावर संत पौल माल्टा बेटावर पोहोचले, तेव्हा पाऊस आणि थंडी होती. गलबतावरची २७६ माणसे वाचली होती. बेटावरच्या अनोळखी लोकांनी त्यांच्यासाठी शेकोटी पेटवली. तेव्हा एवढा मोठा प्रेषित काटक्या गोळा करू लागला, असे 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात नमूद आहे. पाहुणा म्हणून ते नुसते शेकत बसले नाहीत.

चमचा कोरण्यात काही वाईट नाही. नीट वाळवून तेल लावलेला चमचा वर्षानुवर्षे टिकतो आणि त्याचा आनंदही खरा असतो. पण ज्या कामावर कर्त्याची खूण उरत नाही, ते कमी दर्जाचे मानण्याची खोड आपल्या सर्वांनाच आहे. आज आपण ज्या बाकावर बसलो, तो काल कोणीतरी पुसला होता. घरी आई पहाटे उठून जे करते, ते दुपारपर्यंत संपलेले असते. त्या मुलाला तेव्हा आम्ही हे सांगायला हवे होते. पण बसमध्ये त्यानेच ते आम्हाला शिकवले.

पुढे आम्ही त्या वाडीत पुन्हा गेलो. आल्या आल्या चुलीपाशी गेलो नाही. आधी एक मोळी फोडली आणि काकांच्या माळ्यावर ठेवली. ऋण फिटले असे आम्ही म्हणत नाही. त्या पावसाळ्यात कोणाची तरी चूल पेटली असेल, एवढेच.