डेक्कन क्वीन दिव्याला थांबत नाही

सकाळी साडेनऊच्या सुमारास पुण्याहून आलेली डेक्कन क्वीन ठाणे जिल्ह्यातल्या दिवा जंक्शनातून धडधडत निघून जाते. लोकलची वाट पाहणारी गर्दी तेवढ्यापुरती मागे सरकते आणि पुन्हा फलाटाच्या कडेला येते. याच गाडीने एक गणितज्ञ अनेक वर्षे पुण्याहून मुंबईला नोकरीसाठी जात असे. त्यांचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी, आणि नोकरी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. संरक्षण आणि विद्यापीठे यांच्या भागीदारीची आज जी चर्चा चालते, तिला या संस्थेचा जन्म आणि कोसंबींचा शेवटचा करार एकत्र ठेवून पाहिल्याशिवाय अर्थ येत नाही.

१२ मार्च १९४४ रोजी भौतिकशास्त्रज्ञ होमी भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना पत्र लिहिले. मागणी होती मूलभूत भौतिकशास्त्राच्या संस्थेची; तीच पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्था झाली. काळ कोणता? बंगालमध्ये दुष्काळाने माणसे मेली होती, जपानी फौजा इंफाळच्या रोखाने निघाल्या होत्या आणि १४ एप्रिलला मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याचे जहाज फुटले. त्याच एप्रिलमध्ये विश्वस्तांनी या प्रस्तावाला होकार दिला. त्यात सैन्याला उपयोगी पडेल असे काही नव्हते. पेटंटातून पैसा परत येईल अशीही आशा नव्हती. अणुऊर्जेतून वीज निघू लागेल तेव्हा देशाला तज्ज्ञ बाहेरून आणावे लागू नयेत, इतकेच भाभांचे लांबचे गणित होते. हिरोशिमा अजून सोळा महिने दूर होते.

त्याच सुमारास अमेरिकेत काय चालले होते? १९४३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने लॉस अॅलामॉसची प्रयोगशाळा चालवण्याचा करार सैन्याशी केला. तिथे अणुबॉम्ब बनतो आहे, हे विद्यापीठाच्या बहुतेक विश्वस्तांना ठाऊकच नव्हते. देशासाठी म्हणून डोळे मिटून सही झाली. युद्ध संपले, पण प्रयोगशाळा विद्यापीठाकडे पुढे कित्येक दशके राहिली. युद्धात केलेली सही युद्धाबरोबर संपत नाही.

हे कळायला दिव्याच्या लोकांना अमेरिकेत जावे लागत नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ नेवाळीला धावपट्टीसाठी शेतजमिनी घेतल्या गेल्या. त्या परत मिळाव्यात म्हणून जून २०१७ मध्ये, म्हणजे पाऊणशे वर्षांनी, शेतकरी रस्त्यावर उतरले आणि जाळपोळ झाली. कल्याण कॅम्पातल्या सैनिकी बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि त्या कॅम्पाचे उल्हासनगर झाले. घाईचे निर्णय ज्यांना निस्तरावे लागतात, ते निर्णयाच्या वेळी खोलीत नसतात. विश्वस्ताने त्या गैरहजर माणसांच्या वतीने बोलायचे असते.

या कसोटीवर टाटा ट्रस्टचे विश्वस्त उतरले, असे म्हणून थांबता आले असते. पण एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई या भाभांच्या सख्ख्या आत्या. अर्जदार घरचाच होता. निर्णय उत्तम ठरला, कारण माणूस असामान्य निघाला. मात्र चांगल्या माणसांनी चांगल्या माणसावर टाकलेला विश्वास म्हणजे व्यवस्था नव्हे. उद्या वाद झाला तर दाद कोणाकडे मागायची, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडण्याचे कारण नव्हते. तो पुढे पडला.

१ जून १९४५ रोजी बंगळूरमध्ये संस्थेचे काम सुरू झाले, त्याच वर्षी ती मुंबईत आली. संचालक भाभांनी कोसंबींना गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलावले. १९४८ मध्ये भाभा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले, १९५४ मध्ये अणुऊर्जा खात्याचे सचिव. लवकरच संस्थेचा मुख्य खर्च केंद्र सरकार उचलू लागले. म्हणजे पैसे देणाऱ्या खात्याचा सचिव आणि पैसे घेणाऱ्या संस्थेचा संचालक एकच. कोसंबी मात्र जाहीरपणे विचारत होते, की ज्या देशावर वर्षभर ऊन पडते त्याने अणूपेक्षा सूर्याकडे का पाहू नये? जागतिक शांतता चळवळीतही ते होते. १९६२ मध्ये त्यांच्या कराराचे नूतनीकरण झाले नाही. त्यांच्या गणितावर, विशेषतः रीमान गृहीतकावरच्या लेखनावर, सहकाऱ्यांचे गंभीर आक्षेप होते, हेही खरे. त्यामुळे भाभा खलनायक आणि कोसंबी हुतात्मा असे चित्र मी रंगवणार नाही. माझा मुद्दा निराळा आहे. कारण गणित होते की मतभेद, हे तटस्थपणे तपासणारे तिसरे कोणी तिथे उरलेच नव्हते.

त्याच वर्षी, चीन युद्धाच्या तोंडावर, अणुऊर्जा कायदा संमत झाला. अणुऊर्जेशी निगडित शोधांना पेटंट मिळणार नाही, असे त्याच्या २०व्या कलमाने ठरवले. संरक्षणासाठी गुप्तता लागते, हे मान्यच आहे. पण पेटंटाच्या गुप्ततेला निदान कलम होते. प्राध्यापकाच्या नेमणुकीला कलम नव्हते, फक्त मर्जी होती.

आज हा प्रश्न पुन्हा दारात आहे. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये उभारायचे ठरले. त्यातला मोठा वाटा उद्योग आणि देणगीदारांकडून अपेक्षित आहे. संरक्षण उत्पादनाचे वारे जोरात आहेत. पैसा नाकारावा, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण करार किती वर्षांचा आणि तो संपल्यावर यंत्रे व माणसे कोणाची, हे आधी लिहून ठेवले पाहिजे. पेटंट देणगीदाराकडे जाणार असेल, तर विद्यार्थ्याचा प्रबंध कपाटात अडकणार नाही, याची हमी हवी. आणि प्राध्यापक नेमण्या-काढण्याच्या टेबलाशी पैसे देणाऱ्याला खुर्ची नको, तो कितीही थोर असो. भाभांपेक्षा थोर माणूस कुठून आणणार? त्यांच्याही बाबतीत ही खुर्ची नडली.

सार्वजनिक विद्यापीठाचे विश्वस्त म्हणजे त्याची अधिसभा आणि व्यवस्थापन परिषद. मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधर आपले प्रतिनिधी निवडून देतात, आणि ठाणे जिल्हा याच विद्यापीठाच्या कक्षेत येतो. दिव्याच्या फलाटावर उभ्या असलेल्या गर्दीत पदवीधर कमी नाहीत. पुढच्या निवडणुकीआधी नाव नोंदवा, आणि मत मागायला येणाऱ्याला एवढेच विचारा : देणगीदाराला न आवडणारा प्राध्यापक तुम्ही कोणत्या नियमाने वाचवाल?