काळी पोत

चंदापुरा, बोम्मसंद्र, जिगणी, अत्तिबेले. बंगळुरूजवळच्या आनेकल तालुक्यातली ही नावं आता पुण्या-कोल्हापूरच्या मुलामुलींच्या पत्त्यांत सर्रास दिसतात. इलेक्ट्रॉनिक सिटी शेजारी, 2025 पासून बोम्मसंद्रपर्यंत मेट्रोही. नोकरी मिळते, घर शोधताना मात्र पहिला प्रश्न ‘मदुवे आय्ता?’ लग्न झालंय का? दहा महिन्यांचं डिपॉझिट मोजायची तयारी असली तरी उत्तर ‘नाही’ आलं, की तो फ्लॅट नेमका कालच गेलेला असतो. म्हणून लग्नाविना एकत्र राहणारी काही जोडपी घर बघायला जाताना मुलीच्या गळ्यात काळी पोत घालतात. मालक खूश.

थाप किरकोळ वाटते. पण कायद्यालाही थोडंफार असंच काही हवं असतं. सज्ञान स्त्री-पुरुषांनी लग्नाविना एकत्र राहणं गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये खुशबू प्रकरणात स्पष्ट केलं. त्याच वर्षी वेलुसामी खटल्यात, अशा नात्यातल्या बाईला कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं संरक्षण हवं तर काय लागेल, तेही सांगितलं. दोघं लग्नाला मोकळी हवीत, बराच काळ एकत्र राहिलेली हवीत आणि चारचौघांत नवरा-बायकोसारखी वावरलेली हवीत. म्हणजे घरमालकाला मारलेली थापच उद्या कोर्टात कामी यायची!

लग्नाला मोकळं असण्याची अट किती जाचते, ते बंगळुरूच्याच एका खटल्यात दिसलं. एकाच कंपनीतली ओळख, 1992 पासून जवळपास चौदा वर्षं एकत्र. ती अविवाहित, तो विवाहित, दोन मुलांचा बाप. तो निघून गेल्यावर खालच्या कोर्टाने तिला दरमहा 18,000 रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयाने ते रद्द केले, 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला. त्याचं लग्न झालेलं तिला ठाऊक होतं ना! पत्नीचा हक्क आधी, हे मला मान्य आहे. पण ठाऊक तर त्यालाही होतंच. चटका एकटीलाच बसला.

‘आम्ही नवरा-बायको नाही, व्हायचंही नाही’ असं दारातच खरं सांगणाऱ्या मुलीला फ्लॅट मिळत नाही, आणि उद्या बिनसलं तर कायद्याचा आधारही डळमळीत. पोत घालणारीला निदान दोन्हींची आशा. आणि जी कुणाबरोबरच राहत नाही, एकटीच घर शोधते, ती? रात्री किती वाजता येणार, कोण येणार-जाणार, याची उत्तरं तिने द्यायची. ती ऐकून घेऊन मालक बहुधा जवळच्या लेडीज पीजीचा पत्ता सांगतो.