श्रावण आणि माळ

आमच्या आळीत एक काका होते. गटारीला यथेच्छ झोकायचे आणि दुसऱ्या दिवसापासून महिनाभर थेंबाला शिवायचे नाहीत. सोमवारी कपाळाला भस्म, संध्याकाळी वेळेवर घरी. कुणी विषय काढलाच तर हसून म्हणायचे, "व्यसन असतं तर महिनाभर राहिलो असतो का?" यावर कुणाला काही बोलता येत नसे. पोळा झाला की बाटली परत यायची.

काकांची श्रद्धा खोटी होती असं मला वाटत नाही. पण ती कामाला लागली होती भलत्याच बाजूला. लगाम आपल्याच हातात आहे, हा दाखला तिनं त्यांना दरवर्षी दिला आणि उरलेले अकरा महिने ते त्या दाखल्यावर प्यायले.

दारू सुटण्यात श्रद्धेचा वाटा असतो, तो नेमका हा दाखला फाडण्यात.

१९३५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात बिल विल्सन नावाचा माणूस हॉटेलच्या लॉबीत उभा होता. धंद्याचा व्यवहार फिसकटलेला, पिणं सोडून जेमतेम पाच महिने झालेले, आणि शेजारच्या बारमधून हसण्याचे आवाज येत होते. त्यानं चर्चच्या लोकांना फोन लावले. पण प्रार्थना करून घ्यायला तो कुणाला शोधत नव्हता; त्याला बोलायला दुसरा एक दारुडा हवा होता. तो मिळाला, डॉ. बॉब स्मिथ, पेशानं सर्जन. या दोघांपासून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' (एए) सुरू झालं. त्यांच्या बारा पायऱ्यांतली पहिली पायरी देवाची नाहीच. दारूपुढे माझं काही चालत नाही, एवढंच तिथं कबूल करायचं. देव येतो नंतर, आणि तोही ज्याला जसा समजेल तसा. नास्तिकालाही बसायला खुर्ची राहावी म्हणून ही सवलत आहे.

आपल्याकडे हेच काम तुळशीची माळ पूर्वापार करत आली. 'त्यानं माळ घातली' म्हटलं की गावाला पुढचं सांगावं लागत नाही. श्रावणाला शेवटची तारीख असते, माळेला नसते. पण मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती संध्याकाळची. दिवेलागणीला घसा कोरडा पडू लागतो, पाय गुत्त्याकडे वळतात, आणि नेमकी तीच वेळ देवळात हरिपाठाची असते. रिकामी वेळच उरत नाही, हाताला टाळ असतो. ज्याच्या वाऱ्याला कुणी उभं राहत नव्हतं त्याला लोक 'माउली' म्हणून वाकतात. इच्छाशक्ती बिचारी एकटी काय करणार होती!

अर्थात अंगात मुरलेली दारू एकदम तोडली तर हात थरथरतात, फिट येते, भास होतात, जिवावरही बेतू शकतं. तिथं आधी डॉक्टर. बुवाचा अंगारा नको.

माळेत एक अडचण मात्र आहे. ती घालताना सगळ्या गावानं पाहिलेलं असतं, त्यामुळे घसरलेला माणूस माळ काढून खुंटीला लावतो आणि लाजेनं देवळाची वाटच सोडतो. पडणं महाग असतं हे तिचं बळ, आणि परतणंही तितकंच महाग पडतं. एएच्या मीटिंगमध्ये परतणं स्वस्त आहे. कालपर्यंतचे दिवस गेले तर गेले, आज प्यायचं नाही, आणि उद्याचं उद्या.

अशाच एका खुल्या मीटिंगला मी मागच्या बाकावर बसलो होतो. पन्नाशीचे एक गृहस्थ उठले. नाव सांगितलं, मद्यपी आहे म्हणाले. चार वर्षं माळकरी होतो, मेहुण्याच्या लग्नात घसरलो, म्हणाले. मग शर्टाच्या खिशातून रुमालात बांधलेली माळ काढून टेबलावर ठेवली. "हिला हात लावायची हिंमत नाही अजून. पण आज पहिला दिवस आहे." कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेजारच्यानं आपला चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.